‘टेस्ट’ म्हणजे चव की परीक्षा? एका हार्डवेअर वॉलेटचं प्रकरण

घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, नाती आणि काही आकडे बदलले आहेत. या प्रकरणात एक कागद आहे, त्यावर वॉलेट परत उघडायचे गुप्त शब्द लिहिलेले होते; ते शब्द अर्थातच इथे नाहीत. उदाहरणाला घेतलेले शब्द त्याच जातीचे आहेत, पण ते नव्हेत.

पार्श्वभूमी

कोकणातलं तालुक्याचं गाव. काका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, वय 66. शेअरची आवड जुनीच. 2021 मध्ये त्यांनी एका भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे अशी नाणी विकत घ्यायच्या ऑनलाइन बाजारात, बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली, दर महिन्याला आवर्ती ठेवीसारखी ठराविक रक्कम. तीन वर्षांत 0.21 बिटकॉइन जमले. काकूंना यातलं एवढंच ठाऊक होतं की ‘ह्यांचं मोबाइलवर काहीतरी चालू असतं.’

18 जुलै 2024 ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून 23 कोटी डॉलरहून जास्त किमतीची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे काढणं थांबलं. काकांचं खातं तिथे नव्हतं. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची रोकड सांभाळली, त्याला आपली रोकड दुसऱ्याच्या तिजोरीत आहे हे त्या दिवशी नीट कळलं. ऑगस्टमध्ये त्यांनी लेजर नॅनो जातीचं हार्डवेअर वॉलेट मागवलं आणि तीन हप्त्यांत सगळं त्यावर हलवलं.

हे उपकरण काय करतं ते थोडक्यात. बिटकॉइन त्यात नसतात. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या जगाला दिसणाऱ्या खातेवहीत असतात. उपकरणात असते ती प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, आणि व्यवहारावरची सही तिच्याशिवाय होत नाही. सही उपकरणाच्या आतच होते, किल्ली बाहेर कधी येत नाही. त्यामुळे संगणकात व्हायरस असला तरी तो किल्ली चोरू शकत नाही. फार तर चुकीच्या पत्त्यावर (बिटकॉइनचा पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखाच) पैसे पाठवायची सही करून घ्यायचा प्रयत्न करेल, म्हणून पैसे कुठे चालले आहेत ते उपकरणाच्या पडद्यावर वाचायचं, संगणकाच्या नव्हे. (कंपनीच्या निवेदनानुसार वझीरएक्सच्या त्या वॉलेटवर सह्या करणाऱ्यांकडेही हार्डवेअर वॉलेटच होती. नुसतं उपकरण असून भागत नाही.)

पहिल्यांदा चालू केल्यावर उपकरण 24 इंग्रजी शब्द दाखवतं. 2048 शब्दांची एक ठरलेली यादी आहे, तिच्यातलेच हे शब्द. ते ओळीने लिहून ठेवायचे. उपकरण हरवलं, जळलं, बिघडलं, तरी हे शब्द कोणत्याही नव्या उपकरणात घातले की सगळं परत मिळतं. त्याचा अर्थ असाही होतो की ते शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे.

काकांनी बहुतेक सगळं बरोबर केलं. उपकरण अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतलं, शब्दांचा फोटो काढला नाही, ते संगणकावर टाइप केले नाहीत, मोठी रक्कम पाठवण्याआधी हजार रुपयांचे बिटकॉइन पाठवून पाहिले. पिन फक्त डोक्यात. दोनच गोष्टी त्यांनी आपल्या मनाने केल्या. चोराच्या हाती कागद लागला तरी त्याला कळू नये म्हणून शब्द देवनागरीत लिहिले. आणि लिहिले शाईच्या पेनाने, कारण ते दुसऱ्या कशाने लिहीतच नाहीत. कागद जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यात घालून गठ्ठा पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला.

अडचण

जून 2025 मध्ये काकांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांच्या भाषेत अफेझिया. समजतं बरंच, पण शब्द जिभेवर येत नाही, आकडे तर अजिबातच नाहीत. पिन विचारला की ते ओठ हलवायचे, मग चिडायचे, मग भिंतीकडे तोंड करायचे.

विमा होता, पण घरी आल्यानंतरच्या फिजिओथेरपीला आणि दिवसभराच्या माणसाला तो लागू नव्हता. तेव्हा काकूंना ‘त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूची’ आठवण झाली. पुतण्याने ती शोधून काढली आणि पिन टाकून पाहिला, आधी काकांचं जन्मसाल, मग घराच्या जुन्या लँडलाइनचे आकडे. दोन्ही चुकले. पडद्यावर ‘एकच प्रयत्न शिल्लक’ असं आलं तेव्हा त्याचा हात थांबला, हे सगळ्यांचं नशीब. या उपकरणात तीन पिन चुकले की आतलं सगळं पुसलं जातं.

विम्याची कागदपत्रं शोधताना ट्रंकेत तो कागद सापडला. कौलातून झिरपलेलं पाणी गठ्ठ्याच्या एका कोपऱ्याला लागलं होतं. 17 व्या शब्दाच्या जागी निळा डाग आणि शिरोरेषेचा बोटभर तुकडा, बाकी काही नाही. इतर 23 शब्द वाचता येत होते. पुतण्याने कागदाचा फोटो काढला आणि 31 जणांच्या घरगुती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: ‘काकांचं अक्षर कुणाला लागतंय का बघा.’

त्यावर सहा जणांनी उत्तरं दिली. एका आत्याने नमस्काराचा इमोजी टाकला. काकांच्या नागपूरच्या मुलीने, तिला इथे ताई म्हणतो, मला फोन केला. मी त्यांच्या शेजारच्या घरातला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा.

समोरचे पर्याय

ताईने फोन केला तोपर्यंत तीन सूचना घरात येऊन गेल्या होत्या.

पहिली, तिसरा पिन टाकून पाहायचा. काकांच्या निवृत्तीची तारीख असेल, असं काकूंना ठामपणे वाटत होतं. शब्दांचा कागद धड असता तर हा जुगार स्वस्त होता, कारण उपकरण पुसलं गेलं तरी शब्दांवरून परत उभं करता येतं. पण कागद धड नव्हता. आतली किल्ली आणि बाहेरचा कागद, अशा दोन आधारांपैकी एक आधीच अर्धा गेलेला असताना दुसऱ्यावर पैज लावायची नाही, असं ठरवलं. उपकरण काकूंच्या कपाटात बंद केलं. मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

दुसरी, टेलिग्रामवरचा कुणी ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’. पुतण्याने शोधलेला. वीस टक्के घेणार, ‘आधी फक्त शब्द पाठवा’. हे एका वाक्यात संपलं, त्यावर चर्चाही झाली नाही. खरी काळजी तिसऱ्या सूचनेची होती. हरवलेला शब्द शोधून देणारी एक वेबसाइट होती, नीटनेटकी, कुलपाच्या चित्रासकट. ताईने तिथे अकरा शब्द टाइप केलेही होते. मग ‘टेस्ट’ या शब्दापाशी ती अडली. देवनागरीत लिहिलेला ‘टेस्ट’ म्हणजे चव की परीक्षा? यादीत दोन्ही आहेत, आणि इंग्रजीत त्यांची स्पेलिंगं वेगळी आहेत. विचारायला म्हणून तिने मला फोन लावला. काकांच्या त्या घरगुती गुप्तलिपीचा एवढा एकच उपयोग झाला, पण तो झाला.

त्या यादीत असे शब्द पाहायला गेलं तर बरेच निघतात. ‘लेटर’ म्हणजे पत्र की नंतर? ‘पेपर’ म्हणजे कागद की मिरी? ‘वेट’ म्हणजे ओलं की थांब? ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की वाया? ‘एज’ म्हणजे वय की कडा? इंग्रजी वाचणाऱ्याला पहिली चार अक्षरं दिसली की शब्द नक्की होतो, यादी तशीच बेतलेली आहे. देवनागरीने ती सोय घालवली. जपानी, कोरियन, फ्रेंच अशा काही भाषांच्या स्वतंत्र याद्या आहेत. मराठीची नाही, हिंदीचीही नाही.

काकांच्या कागदावर असे दुहेरी वाचता येणारे शब्द चार निघाले, आणि एक पुसलेला. 19 शब्द पक्के.

कायद्याचा आणि नीतीचा प्रश्नही होता, तो मी आधी लक्षात घेतला नाही. काका जिवंत होते, शुद्धीवर होते. त्यांच्या तिजोरीचं कुलूप त्यांना न विचारता फोडायचं का? ताई म्हणाली, जे काही करायचं ते बाबांच्या खाटेशेजारी बसून, त्यांना दाखवत करायचं. आणि नाणी विकायची नाहीत, फक्त सुरक्षित करायची. विकायचं की नाही ते त्यांना सांगता येईल तेव्हा बघू. तोवर ताई फिजिओचा खर्च पगारातून करणार होती. विकताना नफ्यावर 30 टक्के कर आणि 1 टक्का टीडीएस लागतो. आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेण्याला ते लागत नाही, कारण ती विक्री नव्हे.

काय केलं

सगळ्यात आधी पैसे जागेवर आहेत का ते पाहिलं. त्यासाठी कुठलंही गुपित लागत नाही. काकांच्या ईमेलमध्ये एक्स्चेंजने पाठवलेल्या तीन पावत्या होत्या, प्रत्येकीवर पैसे ज्या पत्त्यावर गेले तो पत्ता. ते पत्ते ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ती खातेवही दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकले. 0.21 बिटकॉइन जिथल्या तिथे होते, त्या आठवड्याच्या भावाने साधारण 19 लाखांचे. काकूंनी पडदा दोनदा पाहिला आणि विचारलं, ‘हे सगळ्या जगाला दिसतं?’ दिसतं. नाव दिसत नाही, एवढंच.

हे पत्ते आणखी एका कामाचे होते. शब्दांची कुठलीही जुळणी घेतली तर तिच्यातून कोणता पत्ता निघतो ते संगणक सांगू शकतो. तो पत्ता पावतीवरच्या पत्त्याशी जुळला की जुळणी बरोबर.

आता त्या हरवलेल्या शब्दाचं गणित. शक्यता 2048. पण 24 शब्द म्हणजे संगणकासाठी 264 बिट (0 किंवा 1 असे आकडे), त्यातले 256 यादृच्छिक आणि शेवटचे 8 तपासणीचे. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरतो, तसेच हे आठ बिट आधीच्या 256 वरून ठरतात. त्यामुळे मनाला येतील ते 24 शब्द घेतले तर 256 पैकी एखादीच जुळणी वैध निघते. एकच शब्द गेला असेल तर 2048 भागिले 256, म्हणजे साधारण आठ जुळण्या उरतात. चार शब्दांना प्रत्येकी दोन अर्थ, म्हणजे सोळापट: 32,768 जुळण्या, त्यांतल्या वैध सुमारे 128.

इथे मी एक निर्णय घेतला, जो तेव्हा मला फार सुंदर वाटला होता. काकांना बोलता येत नसलं तरी ओळखता येतं, तर त्या चार शब्दांचा अर्थ त्यांनाच विचारू. वाचा-उपचार करणाऱ्या बाई घरी यायच्या, त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होतीच. त्यांनी बजावलं की अफेझियाच्या रुग्णाच्या ‘हो’-‘नाही’वर विसंबू नका, मान एकीकडे हलते आणि मनात दुसरंच असतं. दोन कार्डं समोर ठेवा, डाव्या हाताने दाखवू दे, मग बाजू बदलून पुन्हा विचारा. तसं केलं. चारपैकी तीन शब्दांना काकांनी दोन्ही वेळा तेच कार्ड दाखवलं. चौथा चित्रात नीट काढताच येईना अशा जातीचा होता (‘नंतर’चं चित्र कसं काढणार? आम्ही घड्याळ काढलं). त्यालाही त्यांनी दोन्ही वेळा तेच कार्ड दाखवलं. खोलीत सगळे गप्प झाले होते. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

जुना लॅपटॉप मी पुण्याहून आणला होता. वाय-फायचं कार्ड काढून टाकलेलं. पेनड्राइव्हवरून टेल्स चालू केलं. ही प्रणाली बंद केल्यावर लॅपटॉपवर काही मागे ठेवत नाही. बीटीसीरिकव्हर नावाचा मुक्तस्रोत प्रोग्राम दुसऱ्या पेनड्राइव्हवर आधीच घेतला होता. चार शब्द कार्डांवरून पक्के धरले, 17 वा मोकळा ठेवला. वैध जुळण्या सात निघाल्या. सातांपैकी एकीचाही पत्ता पावतीशी जुळला नाही.

पुढचा तासभर वाईट गेला. काकांनी पंचविसावा शब्द, म्हणजे स्वतःचा वेगळा पासफ्रेज, लावला असेल का? तो लावला असेल आणि फक्त त्यांच्या डोक्यात असेल, तर विषय संपला. मी ते मोठ्याने बोललो, ते नको होतं. काका ऐकत होते.

मग ताई म्हणाली, ‘कार्डं सोड ना. सगळे सोळा प्रकार मशीनलाच दे.’ दिले. 32,768 जुळण्या, वैध 119, आणि उत्तर यायला माझा चहा गार व्हायलाही वेळ मिळाला नाही. पत्ता जुळला. पंचविसावा शब्द वगैरे काही नव्हतं. घड्याळाचं कार्ड चुकलं होतं.

पण काम इथे संपलं नव्हतं, उलट घाई आता होती. तो फोटो ग्रुपवर पडून बारा दिवस झाले होते. एक शब्द पुसलेला आहे म्हणून फोटो निरुपयोगी, असं घरात सगळे धरून चालले होते, सुरुवातीला मीही. आणि तो शब्द तर आम्ही चहा गार व्हायच्या आत शोधून दाखवला होता. ज्याच्या फोनमध्ये तो फोटो आहे त्याला पत्त्याचीही गरज नव्हती. 119 वॉलेटं उघडून कुठल्यात शिल्लक आहे ते बघितलं की झालं. जुने शब्द फुटले, असंच धरायला हवं होतं.

दुसरं उपकरण मी निघण्याआधीच मागवून ठेवलं होतं. ते यायला आणखी चार दिवस लागले. आल्यावर त्याच्यात जुने 24 शब्द घातले, पडद्यावर पत्ता पाहिला, जुळला. मग काकांचं जुनं उपकरण कपाटातून काढलं आणि तिसरा चुकीचा पिन मुद्दाम टाकला. तो काकूंनी टाकला. त्यांनी निवृत्तीची तारीखच टाकली, आणि तीही चूक निघाली. उपकरण पुसलं गेलं, नव्यासारखं झालं, त्याने नवे 24 शब्द दिले. ते काकूंनी इंग्रजी मोठ्या लिपीत, पेन्सिलीने, एकेक अक्षर सुटं लिहिले. नवी रक्कम येण्याआधीच उपकरण पुन्हा एकदा पुसून लिहिलेल्या शब्दांवरून परत उभं केलं, लिहिताना चूक झाली नाही ना ते बघायला. मग आधी थोडी रक्कम, ती पोचल्यावर उरलेली. पत्ता दर वेळी उपकरणाच्या पडद्यावर ताईने मोठ्याने वाचला आणि काकूंनी जुळवला.

शब्द कुठे ठेवायचे यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी दोन-तीनचं मल्टिसिग सुचवलं: तीन किल्ल्या, त्यांतल्या कुठल्याही दोन लागतील. काकांच्या बँकेतल्या जोडकिल्लीसारखंच, तिजोरी एकट्याला उघडता येत नाही. काकूंना कल्पना लगेच कळली, कारण चाळीस वर्षं त्यांनी ‘दुसरी किल्ली आली नाही म्हणून बँक उशिरा उघडली’ हे ऐकलेलं. पण ताईने विचारलं, ‘तू नसशील तेव्हा हे कोण चालवणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी साधाच मार्ग घेतला. स्टीलच्या दोन पट्ट्यांवर शब्द ठोकून घेतले, एक पट्टी काकूंच्या आणि ताईच्या संयुक्त लॉकरमध्ये, दुसरी नागपूरला. पासफ्रेज नाही. सोबत साध्या मराठीत लिहिलेलं एक पान: हे काय आहे, कुणाला दाखवायचं नाही, वेबसाइटवर टाइप करायचं नाही. पानावर शब्द नाहीत, पिन नाही.

पुन्हा करायचं झालं तर

चित्रांची कार्डं काढणार नाही. संगणकाला 2048 आणि 32,768 यांत काहीच फरक पडत नाही, आणि ते मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं. एका आजारी माणसाची परीक्षा घेऊन मी शक्यता सोळापट कमी केल्या, आणि कमी करताना खरं उत्तरच वगळलं. ताई म्हणते की बाबा त्या दिवशी पहिल्यांदा कशात तरी मन घालून बसले होते. असेल. तरी त्यासाठी वेगळी कार्डं चालली असती.

फोटोची गोष्ट मी पहिल्याच फोनवर विचारायला हवी होती. ‘कागद आणखी कुणी पाहिलाय?’ हा प्रश्न माझ्या डोक्यात शब्द सापडल्यानंतर आला. ताईने वेबसाइटवर टाइप केलेल्या अकरा शब्दांचंही तसंच. नुसत्या अकरांवरून काही करता येत नाही, पण मी ते गृहीत धरलं, आधी हिशेब केला नाही.

मल्टिसिग न घेतल्याबद्दल मला अजून शंका आहे. आजच्या मांडणीत एक पट्टी ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं मिळतं. दोन पट्ट्या दोन शहरांत ठेवल्याने हरवण्याचा धोका कमी झाला आणि चोरीचा दुप्पट झाला. या घरात हरवण्याचा धोका जास्त खरा आहे असं आम्ही ठरवलं. दुसऱ्या घरात मी कदाचित उलटं सांगेन.

काकांच्या चुकीबद्दल मात्र मी त्यांना फार दोष देत नाही. त्यांच्या बँकेत शाखेच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा दुसऱ्या शाखेत ठेवलेला असायचा आणि तशी रजिस्टरमध्ये नोंद असायची. इथे रजिस्टर कुणी दिलंच नाही. त्यांनी मग चोराला डोळ्यांसमोर ठेवून बंदोबस्त केला, आणि चोर काही आला नाही.

निकाल

नाणी नव्या पत्त्यावर आहेत. काका आता चार-पाच शब्दांची वाक्यं बोलतात, आकडे अजून अडखळतात. विकायचं का, असं ताईने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी डाव्या हाताने ‘नको’ केलं. दोन्ही वेळा तसंच केलं म्हणून ते खरं मानलं आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फोटो पुतण्याने काढला, पण ज्यांच्या फोनवर तो आपोआप उतरला होता त्यांच्या गॅलरीत तो असणारच. म्हणून जुनं वॉलेट अगदीच रिकामं केलेलं नाही. साधारण सातशे रुपयांचे बिटकॉइन त्यात मुद्दाम सोडलेत. दर रविवारी ताई तो जुना पत्ता एक्सप्लोररवर उघडून बघते. सातशे रुपये अजून तिथेच आहेत.